वहिनीला समजेपर्यंत

"सर, मला नाय समजलं," हे वाक्य वहिनी इतक्या सहज म्हणायची, जसं कुणी शेजारणीकडे विरजण मागावं. मान खाली नाही, आवाजात ओशाळेपण नाही. हातातलं पेन बाकावर ठेवायचं, पदर सारखा करायचा, उभं राहायचं आणि सांगून टाकायचं.

पहिल्यांदा तिने ते म्हटलं तेव्हा रोह्याच्या कॉलेजातलं आमचं पहिलं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. अर्थशास्त्राचे सर विद्वान होते, पण बोलायचे भरधाव. फळ्यावर एक वाकडी रेघ काढून ते वळले आणि त्यांनी विचारलं, "समजलं?" सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणाला. खरं तर आमच्यातल्या कुणालाच काही समजलं नव्हतं, पण "हो सर" म्हणणं हा त्या वयातला शिष्टाचार होता. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून एक बाई उठल्या.

"मला नाय समजलं, सर."

सरांनी पुन्हा सांगितलं. "आता?"

"आतापण नाय."

वर्ग खदखदून हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं, बाजारातल्या मेथीच्या जुड्यांचं उदाहरण घेतलं आणि अगदी सावकाश, पहिल्यापासून समजावलं. "हां, आता शिरलं," असं म्हणून बाई खाली बसल्या. गंमत अशी, की तोवर हसणाऱ्यांच्या डोक्यातही ते शिरलं होतं. पुढे पुढे तर सरांनी "समजलं?" विचारलं की सगळा वर्ग तिच्याकडे बघायचा. तिला समजेपर्यंत सर पुढे जायचे नाहीत, आणि आम्हीही निर्धास्त असायचो.

ती आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी होती. माहेर पेणच्या खाडीकडचं, सासर खांबपासून आत असलेल्या एका गावात. दहावी झाल्या झाल्या लग्न झालं होतं. चिंगी नावाची मुलगी गावच्या शाळेत जात होती, नवरा एका केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा. बारावी तिने घरी बसून, बाहेरून दिली होती आणि मग सरळ कॉलेजात येऊन नाव घातलं होतं. तिचा एक चुलतदीर, दिनेश, आमच्याच वर्गात होता. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. हजेरीत तिचं नाव प्रमिला होतं, पण ते पुकारलं गेलं की ही कोण नवीन मुलगी, असं आम्हालाच क्षणभर वाटायचं. एकदा तर सरच बोलून गेले, "वहिनी, तुम्हाला कळलं का?" तेव्हा पोरांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला होता.

मी तेव्हा रोह्याला लागून असलेल्या वरश्याहून चालत कॉलेजला यायची. मार्क चांगले, पाठांतर पक्कं आणि वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की हातपाय गार. मी तिला सुरुवातीला "तुम्ही" म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही-बिम्ही काय गो? मी काय मास्तरीण हाय? शेजारी बसतेस ना, मग तू म्हण." तेव्हापासून मी तिला तू म्हणायला लागले आणि तिच्या शेजारची जागा माझी झाली.

एवढं शिकून काय करणार, असं तिला जो भेटेल तो विचारायचा. गाडीतला कंडक्टर विचारायचा, गावातल्या बाया विचारायच्या, एकदा कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनेही विचारलं. ती हसून म्हणायची, "आधी शिकू तर द्या, मग बघू काय करायचं ते." मला मात्र तिने एकदा नीट सांगितलं. "दहावीला मला बरे मार्क होते गो. लग्न ठरलं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. पण डोकं माळ्यावर टाकता येतं का? ते आपलं चालूच राहतं. भाकऱ्या थापताना पण चालू. मग म्हटलं, चालूच हाय तर त्याला काहीतरी काम देऊ."

तिची अभ्यास करायची पद्धत अजब होती. वाचलेलं कुणाला तरी मोठ्याने सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात ते राहायचंच नाही. मधला तास मोकळा असला की ती माझं मनगट धरून जिन्याखाली न्यायची. "बस. मी तुला मागणीचा नियम सांगते. तू नुसती ऐक. चुकलं तर बोल." आणि मग हातवारे करत ती सांगत सुटायची. मध्येच अडली की स्वतःवरच चिडायची. "थांब, इथं काहीतरी सुटलं. परत सुरवातीपासून." मी गप्प बसून ऐकायची. परीक्षेच्या वेळी माझ्या लक्षात आलं, की मी घोकलेल्यापेक्षा तिच्याकडून ऐकलेलं मला जास्त नीट आठवत होतं.

कॉलेजात मी सापडले नाही तर ती वाचलेलं सगळं घरी सासूला सांगायची. हे मला कळलं ते शेतातले वाल निघाल्यावर तिच्या घरी गेले तेव्हा. अंगणात सुपाएवढा वालाचा ढीग घेऊन सासूबाई निवडत बसल्या होत्या. माझी ओळख झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तू पण हिच्याच वर्गात ना गो? मग त्या चलनवाढीचा काय झाला शेवटी? ही काल सांगता सांगता झोपली."

वहिनी चुलीपाशी बसून हसत होती. म्हणाली, "आईंना सगळं सांगते मी. त्यांना समजलं म्हणजे मला समजलं."

"मला कुठं काय समजतंय," सासूबाई म्हणाल्या. "पण ही बोलते ते गोड लागतं कानाला. दुपारची एवढी वालाची रास निवडून कधी होते, कळत नाय." मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "होईल ना गो पास ती?"

त्या दिवशी पोटभर वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाऊन मी परत आले.

अर्थशास्त्रातला एक तास माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. सर मागणीची लवचीकता शिकवत होते. भाव उतरला की काही वस्तू लोक जास्त घेतात, आणि काही वस्तू अशा असतात की भाव कितीही उतरला तरी माणूस तेवढ्याच घेतो. उदाहरण द्यायचं म्हणून सर म्हणाले, "मीठ घ्या. मीठ स्वस्त झालं म्हणून कुणी दुप्पट मीठ खातं का?"

वहिनी उठली. आम्हाला वाटलं, आता म्हणणार नाय समजलं. पण ती वेगळंच बोलली. "सर, म्हणजे ज्या वर्षी मीठ भरपूर पिकलं, त्या वर्षी भाव पडणार, पण खप वाढणार नाय. म्हणजे पिकवणाऱ्याच्या हातात कमीच येणार. असंच ना?"

"अगदी बरोबर," सर खूश होऊन म्हणाले.

वहिनी खाली बसली आणि त्या तासाला पुढे एक शब्द बोलली नाही. तास सुटल्यावर जिन्याखाली गेलो, तेव्हा म्हणाली, "माझा बाप वाट्याने मिठागर करतो. आम्ही लहान असताना ज्या साली चांगलं ऊन पडून मिठाच्या राशी लागायच्या, त्याच साली घरात कपडे यायचे नाय. आई म्हणायची, कुणाची तरी नजर लागली. देवाला नारळ फोडायचा, हे करायचं, ते करायचं. आणि हे पुस्तकात लिहिलेलं हाय, मंजू. आमच्या घरातली गोष्ट पुस्तकात हाय."

त्या रविवारी ती मुद्दाम पेणला गेली, बापाला हे सांगायला. सोमवारी मी विचारलं, "काय म्हणाले?"

"सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पुस्तकवाल्यांना एवढं ठाऊक व्हतं, तर मंग आदी का नाय सांगितला?" हे सांगताना ती हसली खरी, पण डोळे पुसावे लागले तिला. मला वाटतं, पदवी घ्यायचीच हे तिने त्या आठवड्यात मनाशी पक्कं केलं.

पण मध्ये इंग्रजी उभं होतं.

पहिल्या वर्षी तिचे सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. एखादा विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षाला बसू देत, म्हणून ती आमच्याबरोबर पुढे आली. इंग्रजीची परीक्षा पुन्हा दिली, पुन्हा नापास झाली. दुसरं वर्ष संपताना आणखी एकदा दिली. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नसे, त्यामुळे या वेळी सगळं पणाला लागलं होतं. बोर्डावर निकाल लागला तेव्हा गर्दीत मी तिच्या शेजारीच होते. तिने आपला नंबर वरून खाली शोधला, मग खालून वर शोधला. मग म्हणाली, "नाय लागला गो."

मी रडायला लागले. तीच माझी समजूत घालत मला नळापाशी घेऊन गेली.

आम्ही तिसऱ्या वर्षाला गेलो आणि वहिनीला एक वर्ष घरी बसायची वेळ आली. गावात बोलणं झालंच. चुलत सासरे म्हणाले, झाली ना हौस, आता पोरीकडे बघ. नवरा काही बोलला नाही. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. आम्हाला वाटलं, वहिनीचं कॉलेज संपलं.

पण जून संपता संपता एका सकाळी बघते तर वहिनी पहिल्या वर्षाच्या वर्गातून बाहेर येत होती, हातात इंग्रजीचं पुस्तक. आमच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असलेल्या पोरांच्या घोळक्यातून वाट काढत ती आली.

"तू इथे कशी?"

"इंग्लिशच्या तासाला बसते. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, या." मग हळूच म्हणाली, "घरी बसून नाय होणार माझ्याने. घरी सगळे हायत, इंग्लिश शिकवणारं कुणी नाय."

एवढ्या एका तासासाठी ती खांबवरून एसटीने यायची. कधी गाडी उभ्यानेच भरलेली असायची, कधी यायचीच नाही. मग ती मिळेल त्या टेंपोत बसून कोलाडपर्यंत यायची आणि तिथून पुढे. त्या नव्या पोरांनीही चार दिवसांत तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली.

इंग्रजीच्या मॅडम त्या वर्षी नवीनच आल्या होत्या. पेणला राहायच्या, रोज ये-जा करायच्या, वयाने वहिनीएवढ्याच असतील. एके दिवशी आम्ही मुलींच्या खोलीत डबे उघडून बसलो होतो, तेव्हा त्या आत आल्या आणि वहिनीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"तुमचा चाचणीचा पेपर तपासला," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं तुमच्या गावाबद्दल, तुम्ही लिहिलंय ताजमहालाबद्दल. पाठ केलेलं उतरवलंत ना?"

"हो मॅडम."

"बरं, मला एक सांगा. अर्थशास्त्राच्या तासाला तुम्ही सरांना दहा वेळा थांबवायचात म्हणे. स्टाफरूममध्ये ऐकलंय मी. मग माझ्या तासाला गप्प का? एकदाही उठला नाहीत."

वहिनीने हातातला घास डब्यात ठेवला. मी तिला इतकी अवघडलेली कधीच पाहिली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, इंग्लिशच्या तासाला नाय समजलं असं सांगायचं, तर ते पण इंग्लिशमध्ये सांगायला लागणार ना. तेच येत नाय."

मला वाटलं, मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असं कुणी सांगितलं तुम्हाला? मराठीत सांगा. तुमच्या बोलीत सांगा. पण उद्यापासून समजलं नाही की उठायचं."

मला नवल वाटलं. दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसत होते. तिच्या सगळ्या अभ्यासाचा पाया त्या एका सवयीवर उभा होता, आणि इंग्रजीच्या तासाला तो पायाच नव्हता, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिथे ती आमच्यासारखीच होऊन जायची. मुकाट्याने मान हलवणारी, घरी जाऊन न कळलेलं घोकणारी.

दुसऱ्या दिवसापासून पहिल्या वर्षाच्या वर्गात काय काय झालं, ते ती आम्हाला डबा खाताना अभिनय करून दाखवायची. "मॅडम, हा 'हॅड बीन' काय प्रकार हाय? एक झाला तो पुरला नाय का, दोन दोन कशाला?" मॅडम तिला ताजमहाल सोडून स्वतःच्या घराबद्दल बोलायला लावायच्या. एकदा एसटी स्टँडवर मला लांबूनच बघून ती ओरडली, "मंजू! माय फादर मेक्स सॉल्ट!" सगळा स्टँड वळून बघायला लागला. जवळ येऊन म्हणाली, "मेक नाय, मेक्स. बाप एकटा हाय म्हणून पुढे एस लागतो. आई पण मदतीला गेली की एस जातो." व्याकरणाचा तो नियम मी लहानपणापासून पाठ म्हणत होते. तो असा घरातला करून कुणी मला सांगितला नव्हता.

त्या वर्षी तिचं इंग्रजी सुटलं. काठावर सुटलं, पण सुटलं. निकाल बघून तिने उड्या मारल्या नाहीत. मॅडमना शोधत ती स्टाफरूमपर्यंत गेली, दारात उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, आय अंडरस्टुड." मॅडम उठून बाहेर आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

मी त्याच वर्षी पहिल्या वर्गात पदवीधर झाले आणि बाहेरून एम.ए.ला नाव घातलं. वहिनी तिसऱ्या वर्षाला गेली. आणि नेमकी त्याच पावसाळ्यात तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली.

दसऱ्याला सोनं द्यायला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, अंगणात चिंगीची वेणी घालत होता. वेणी वाकडी येत होती आणि चिंगी कुरकुरत होती. मला बघून तो ओशाळला. वहिनी आतून म्हणाली, "त्यांची शिफ्ट बदललीय. आता सकाळची शिफ्ट घरची." दादाही हसला. पण तो आत गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "रात्रभर नुसते पंख्याकडे बघत पडतात गो. मी म्हटलं, मी कॉलेज सोडते, कुठं तरी काम बघते. तर पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. म्हणाले, माझं एक बंद पडलंय तेवढं पुरे, तुझं चालू राहू दे."

चुलत सासरे पुन्हा एकदा येऊन गेले. पुरुषमाणूस घरात भाकऱ्या थापतो आणि बाई पुस्तकं घेऊन गावभर फिरते, हे काही बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना उत्तर सासूबाईंनी दिलं. "भाकऱ्या त्याच्या बऱ्या होतात हल्ली. खाऊन जा." पाहुणे न खाताच गेले.

शेवटच्या परीक्षेला दादा रोज तिला सोडायला यायचा आणि पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या फाटकासमोर, चिंचेच्या सावलीत बसून राहायचा. ती बाहेर आली की पेपर कसा गेला, हे तो विचारायचा नाही. डब्यातून आणलेले पोहे-गूळ पुढे करायचा आणि म्हणायचा, "खा आधी."

तिचा निकाल आणि माझ्या एम.ए.च्या पहिल्या भागाचा निकाल मागेपुढे लागले. वहिनी दुसऱ्या वर्गात पास झाली. मी संख्याशास्त्राच्या पेपरात नापास झाले.

आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले होते. शाळेपासून ज्या मुलीचं नाव बोर्डावर लागायचं, तिला नापास होणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हेच माहीत नव्हतं. मी घराबाहेर पडणं बंद केलं. कुणी आलं की आतल्या खोलीत जायची. आई-बाबा काही बोलत नव्हते, पण आत्याने एक स्थळ सुचवलं आणि त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मला भिंतीआडून ऐकू आलं. मलाही वाटायला लागलं, झालं एवढं शिक्षण पुरे.

वहिनी वरश्याला आली ती पेढे घेऊन. तिला माझं काही ठाऊक नव्हतं. आईने दारातच हळू आवाजात सांगितलं असावं, कारण ती आत आली तेव्हा पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवलेला होता. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती माझ्या उशापाशी बसली. आता ही माझी समजूत घालणार, म्हणून मी डोळे घट्ट मिटले.

"कुठला विषय?" तिने विचारलं.

"संख्याशास्त्र."

"पुस्तक कुठाय?"

"वहिनी, नको आता."

"पुस्तक कुठाय, विचारलं मी."

मी उठून पुस्तक दिलं. तिने ते उघडलं, दोन-चार पानं उलटली आणि म्हणाली, "यातलं मला एक अक्षर कळत नाय. चांगलं झालं. आता तू मला सांग. पहिल्या पानापासून."

मी नाखुशीने सुरुवात केली. सरासरी सांगितली, ती तिला पटली. मध्यक सांगितला, तोही पटला. मग प्रमाण विचलन आलं. मी पुस्तकातली व्याख्या म्हटली.

"नाय समजलं."

मी पुन्हा तीच व्याख्या म्हटली, जरा हळू.

"अगो, हळू बोललीस म्हणून काय समजणार? शब्द तेच हायत. हे कशासाठी काढतात, ते सांग."

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. सूत्र होतं, आकडेमोड होती, पण कशासाठी, ते नव्हतं. वर्षभर मी ते नुसतं पाठ म्हणत आले होते. वहिनीने त्या पानाचा कोपरा दुमडला.

"हे बघ, इथंच अडलीस," ती म्हणाली. "तू नापास झालीस ती एवढ्या जागेवर. सगळी नाय झालीस. एवढं कुणाला तरी विचारून ये, मग मला सांग. मी परत येते." आणि मग तिने पाठीमागचा पुडा पुढे आणला. "आता पेढा खा. माझ्या पास होण्याचा हाय, तुझ्या नापास होण्याचा नाय."

मी पेढा खाल्ला, रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन सरांना म्हटलं, "सर, मला हे समजलेलं नाही." माझ्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्यांनी खुर्ची पुढे केली.

वहिनी म्हटल्याप्रमाणे पुन्हा आली, पण निरोप घ्यायला. दादाला गुजरातेत, वापीकडे एका कारखान्यात काम मिळालं होतं. सासूबाई गावातच, धाकट्या दिराकडे राहणार होत्या. मी रोह्याच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेले. एक ट्रंक, दोन पिशव्या, चिंगीच्या मांडीवर तुळशीचं रोप लावलेला पत्र्याचा डबा. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून वहिनीने मला प्रमाण विचलन सांगायला लावलं. स्टँडवरच्या त्या कोलाहलात, भेळवाल्याच्या शेजारी उभं राहून मी ते सांगितलं. दोन गावांत सारखाच सरासरी पाऊस पडतो, पण एका गावात तो दर वर्षी नेमाने पडतो आणि दुसऱ्यात एक वर्ष पूर, एक वर्ष कोरडं. सरासरी बघून ते कळत नाही, म्हणून हे काढायचं.

"हां, शिरलं," वहिनी म्हणाली. "झालीस तू पास." मग तिने मला मिठी मारली आणि गाडीत चढली. दादाने खिडकीतून हात जोडले. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर शेजारच्या भेळवाल्याने मला विचारलं, "बहीण का हो तुमची?" मी हो म्हटलं.

मी खरंच पास झाले. पुढे बी.एड. केलं आणि पेणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागले. अधूनमधून दिनेशकडून तिची खबर कळायची. तिकडे कामगारांच्या वसाहतीतल्या मराठी पोरांच्या ती शिकवण्या घेते, चिंगी गुजराती शाळेत पहिली येते, वगैरे.

त्या दशकाच्या शेवटी शेवटी, एका दुपारी मी अकरावीच्या वर्गात शिरले, तर शेवटच्या बाकावर वहिनी बसलेली. बापाला बघायला माहेरी आली होती, आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून शिपायाला सांगून सरळ वर्गात येऊन बसली होती. केसांत थोडी चांदी आली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी तिच्याकडे धावणार होते, पण तिने तिथूनच बोटाने फळ्याकडे खूण केली. आधी तास घे.

मी तास घेतला. कसा घेतला, ते आठवत नाही. सबंध वेळ ती मान थोडी पुढे काढून, कपाळाला आठी घालून ऐकत होती. घंटा झाली, पोरं बाहेर पडली आणि आम्ही दोघीच राहिलो. मला वाटलं, आता ती म्हणेल, केवढी मोठी झालीस गो. किंवा निदान, छान शिकवतेस. ती उठली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आवाज वाढव थोडा. इथं शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाय. ही मागची पोरं तुझ्यासारखी हायत, विचारणार नाय तुला."

मग पिशवी खांद्याला लावून, "जाते गो, गाडी हाय," असं म्हणत ती गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

माझा आवाज फार चढतो, शेजारच्या वर्गात शिकवता येत नाही, अशी सहकाऱ्यांची तक्रार आहे. मी ती ऐकून घेते आणि आवाज तेवढाच ठेवते.